नवी म्हणून घेतली, पण नवी आहे का?

वाचकांचे प्रश्न : संगणकाचे सुटे भाग

या अंकासाठी लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, बीड, जालना, धाराशिव आणि हिंगोलीहून आलेल्या पत्रांत एकच शंका आहे : ऑनलाइन मागवलेला भाग नवा म्हणून आला, पण तो आधी कुठेतरी चाललेला असावा. शंका रास्त आहे, आणि बहुतेक वेळा ती घरबसल्या तपासता येते. एवढेच ध्यानात ठेवा की सगळे भाग सारखे झिजत नाहीत. हार्ड डिस्क, बॅटरी आणि पंखे वापराने खरोखर थकतात. प्रोसेसर आणि रॅम फारसे थकत नाहीत. म्हणून हार्ड डिस्कला इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मोंढ्यात आमची आडत आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क ऑनलाइन घेतली. पाकीट सीलबंद होते. पुतण्याने ती संगणकाला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम चालवला, तर 'पॉवर-ऑन अवर्स'च्या (डिस्क एकूण किती तास चालली त्या) ओळीत ००००००००५ए३सी असे दिसते. 'पॉवर ऑन काउंट', म्हणजे किती वेळा चालू केली तो आकडा, ४१ आहे. याचा अर्थ काय? डिस्क ठेवावी का? (लातूर)

उत्तर : ठेवू नका. परतीची मुदत संपायच्या आत परत करा.

तो आकडा सोळाच्या पायावर मोजलेल्या, म्हणजे हेक्साडेसिमल पद्धतीत दिसतो आहे. आपल्या नेहमीच्या अंकांत तो २३,१०० तास होतो. 'फंक्शन' मेनूतील 'ॲडव्हान्स्ड फीचर'मध्ये 'रॉ व्हॅल्यूज' आहे, तिथे १० डेसिमल निवडले की साधे आकडे दिसतात. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातही तास आणि चालू-बंदची संख्या साध्या अंकांत दिलेली असते.

२३,१०० तास म्हणजे रात्रंदिवस चालल्यास सुमारे ९६२ दिवस, अडीच वर्षांहून जास्त. आता हे तास चालू-बंदच्या संख्येने भागा. २३,१०० भागिले ४१ म्हणजे दर खेपेला साधारण ५६३ तास, अर्थात तेवीस दिवस सलग. ऑफिसातला संगणक रोज सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद होतो. त्याच्या डिस्कवर एवढ्या तासांना दोन-अडीच हजार चालू-बंद दिसल्या असत्या. तुमची डिस्क एखाद्या डीव्हीआरमधून किंवा सर्व्हरमधून काढलेली आहे. पाकिटाच्या सीलने काही सिद्ध होत नाही. अँटिस्टॅटिक पिशवी आणि ती चिकटवायचे यंत्र बाजारात कुणालाही मिळते.

आणखी एक पडताळणी सोपी आणि बिनतोड आहे. डिस्कच्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. त्या तारखेपासून आजवर जितके दिवस झाले, त्यांना २४ ने गुणा. डिस्क त्याहून जास्त तास चालणे शक्यच नाही. लेबल आठ महिन्यांपूर्वीचे असेल तर कमाल ५,८०० च्या आसपास तास बसतात. २३,१०० दिसत असतील तर लेबलच बदललेले आहे. मग लेबलवरचा सिरियल नंबर आणि प्रोग्रॅममध्ये दिसणारा सिरियल नंबर अक्षर-अक्षर जुळवून पाहा.

तासांखेरीज त्याच यादीतल्या चार ओळी बघाव्यात. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्हींचा रॉ आकडा शून्यच हवा. चौथी ओळ सी७. ती वाढली असेल तर दोष बहुतेक सॅटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या तारेचा) असतो, डिस्कचा नव्हे. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका. त्या कंपनीची नोंदण्याची पद्धतच तशी आहे.

बदली डिस्क आली की ती आधी संगणकाला लावून तपासा आणि मगच डीव्हीआरमध्ये घाला. डीव्हीआर डिस्क फॉरमॅट करून लगेच लिहायला लागतो, आणि मग विक्रेत्याला बोलायला जागा मिळते. तपासताना 'एक्स्टेंडेड', म्हणजे पूर्ण डिस्क वाचून पाहणारी चाचणी लावा. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात, म्हणून रात्री लावून सकाळी निकाल पाहावा. मध्ये वीज गेली तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, तेव्हा संगणक यूपीएसवर असू द्या.

प्रश्न : फोटो स्टुडिओसाठी ८ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. तास फक्त ३ दिसतात. पण सॅटाच्या सोनेरी पट्ट्यांवर रेघोट्या आहेत आणि स्क्रूच्या एका भोकातला रंग उडालेला आहे. तास शून्य करता येतात का हो? (नांदेड)

उत्तर : करता येतात. तुमचा डोळा बरोबर जागी गेला आहे.

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हेच उघडकीस आले. नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या मोठ्या डिस्क प्रत्यक्षात १५ हजारांपासून ५० हजार तासांपर्यंत चाललेल्या होत्या आणि नेहमीच्या स्मार्ट नोंदी (वर पाहिलेले तास आणि इतर आकडे, जे डिस्क स्वतःच नोंदवते) पुसून शून्यावर आणलेल्या होत्या. त्या आपण विकलेल्या नाहीत असे कंपनीने सांगितले. गडबड पुढच्या विक्रीसाखळीत झालेली होती. चिया नावाच्या आभासी चलनासाठी २०२१ मध्ये लोकांनी डिस्कचे ढीगच्या ढीग लावले होते, तिथून हा माल बाजारात उतरला असावा असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

ती चोरी पकडली गेली फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदवहीमुळे. सीगेटच्या अनेक डिस्क स्मार्टखेरीज ही नोंद वेगळी ठेवतात. ती वाचायला स्मार्टमॉनटूल्स हा मोफत संच लागतो, आवृत्ती ७.४ किंवा पुढची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत द्या : स्मार्टसीटीएल -एल फार्म /डेव्ह/एसडीए (smartctl -l farm /dev/sda). दुसऱ्या डिस्कसाठी शेवटी एसडीबी, तिसऱ्यासाठी एसडीसी. येणाऱ्या यादीत 'पॉवर ऑन अवर्स' शोधा. स्मार्टमध्ये ३ आणि फार्ममध्ये काही हजार दिसले तर प्रश्न मिटला. डिस्क थेट मदरबोर्डच्या सॅटाला जोडा. यूएसबीच्या डबीतून ही नोंद बऱ्याचदा वाचता येत नाही.

डब्ल्यूडी आणि तोशिबाच्या डिस्कमध्ये फार्म नाही. तिथे विसंगती शोधावी लागते. तास ३, पण सी१ या ओळीतले 'लोड सायकल' (वाचणारे डोके बाजूला ठेवून परत आणण्याच्या खेपा) हजारांत. किंवा एफ० ओळीतले 'हेड फ्लाइंग अवर्स' (डोके तबकडीवर तरंगत असल्याचे तास) एकूण तासांपेक्षा जास्त. किंवा एफ१ मध्ये लिहिलेला एकूण डेटा दहा-वीस टेराबाइट. तीन तासांत डिस्क इतके लिहूच शकत नाही. त्याच स्मार्टसीटीएलला -एक्स हा पर्याय दिला की जुन्या चाचण्यांची यादीही येते, आणि प्रत्येक चाचणी कितव्या तासाला झाली ते तिथे लिहिलेले असते. पुसणाऱ्याचे लक्ष पुष्कळदा या यादीकडे नसते.

यानंतर कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी पाहा. तिथे 'ओईएम' (संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेला माल) किंवा वॉरंटी नाही असे आले, अथवा मुदत खरेदीच्या तारखेशी जुळत नसेल, तर तो माल किरकोळ ग्राहकासाठी आलेलाच नव्हता. लग्नाचे मूळ फुटेज अशा डिस्कवर ठेवू नका. दोन्ही डिस्क एकाच जुन्या सर्व्हरमधल्या असतील तर त्यांचे वयही एकच असते. एक मूळ आणि दुसरी तिची प्रत, असे ठेवूनही दोन्ही लागोपाठ जाण्याचा धोका उरतो.

प्रश्न : सेवा केंद्रातल्या संगणकासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) घेतली. हेल्थ १०० टक्के, तास ११, चालू-बंद ३८, एकूण लिहिलेला डेटा २१२ जीबी. विंडोज अजून टाकलेले नाही. नवी म्हणावी का? (परभणी)

उत्तर : ही कुणीतरी वापरून परत केलेली एसएसडी आहे. नव्या एसएसडीवर कारखान्यातल्या चाचणीचे थोडेफार जीबी आणि एखाद-दुसरा तास दिसू शकतो. २१२ जीबी लिहायला कुणीतरी विंडोज आणि वर बरेच काही टाकलेले असणार.

तांत्रिकदृष्ट्या तिला काही झालेले नाही. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी ६०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची हमी देते. त्यापुढे २१२ जीबी म्हणजे काहीच नाही. तरीही पैसे नव्याचे घेतले असतील तर माल नवा मिळायला हवा, आणि वॉरंटीचा दिवस पहिल्या ग्राहकापासून मोजला गेला नसल्याची खात्री करायलाच हवी. तुम्ही विंडोज टाकण्याआधी तपासलेत हे उत्तम केले. नंतर तपासले असते तर तुमचेच लिहिलेले आणि आधीचे लिहिलेले वेगळे काढता आले नसते.

अनोळखी ब्रँडच्या स्वस्त एसएसडीचे हे आकडे कंट्रोलरच्या (एसएसडी चालवणाऱ्या चिपच्या) कारखानी सॉफ्टवेअरने शून्य करता येतात. सॅमसंग, डब्ल्यूडी, किंग्स्टन यांची स्वतःची तपासणी ॲप आहेत. ज्या कंपनीची एसएसडी आहे त्याच कंपनीच्या ॲपने ती ओळखली नाही, तर संशय घ्या.

प्रश्न : नवी डीडीआर४ रॅम घेतली. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'वीक/इयर' ३४/१९ दाखवते. म्हणजे जुनी ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : २०१९ च्या ३४ व्या आठवड्यात बनलेली आहे, एवढेच त्यावरून कळते. गोदामात पडून राहिलेला नवा मालही असाच दिसतो. रॅममध्ये वापराचे तास मोजणारे काही नसते. सोनेरी पट्ट्या भिंगाखाली पाहा. उभ्या रेघांचा एक संच कारखान्यातल्या चाचणीचाही असू शकतो. एकमेकींवर चढलेल्या अनेक रेघा म्हणजे रॅम वारंवार काढून घातलेली आहे. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालू करून चारही फेऱ्या होऊ द्या, केसचे झाकण लावून, कारण उन्हाळ्यात ती तशीच चालणार आहे. एकही चूक आली तर परत. चूक नाही आली तर २०१९ ची रॅम खुशाल वापरा.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'ब्रँड न्यू' एक्स९९ मदरबोर्ड, झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि ३२ जीबी रॅम असा कॉम्बो खूप स्वस्तात दिसतोय. सर, घेऊ का? (बीड)

उत्तर : त्यातला प्रोसेसर नवा असणे जवळजवळ अशक्य आहे, हे समजून मग ठरव. ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा १४ कोरचा सर्व्हर प्रोसेसर आहे. मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर मोडीत काढले की हे प्रोसेसर आणि त्यांच्यासोबतची ईसीसी रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीची) रॅम टोपल्यांनी बाजारात येते. मदरबोर्डची पाटी नवी छापलेली असते, पण तिच्यावरचा चिपसेट अनेकदा जुन्या बोर्डावरून उतरवून पुन्हा डाग दिलेला असतो.

यात प्रोसेसरची काळजी सर्वात कमी. तो वर्षानुवर्षे टिकतो. घोळ होतो मदरबोर्डमध्ये : बायोसचे (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट मिळत नाहीत, स्लीपमधून मशीन परत उठत नाही, एखादा रॅमचा खाचा चालत नाही. बिघडला तर दुरुस्ती नाही, नवा मागवायचा. प्रोसेसर एकटाच १२० वॉटचा आहे. वर ग्राफिक्स कार्ड लावलेस तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वीज जाताच बसेल. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लिनक्सवर काम करणार असशील आणि वापरलेला माल म्हणून डोळे उघडे ठेवून घेत असशील, तर गणित जमू शकते. कॉलेजच्या उरलेल्या वर्षांसाठी एकुलते एक मशीन म्हणून हा कॉम्बो घेऊ नकोस.

आल्यावर पाहायच्या खुणा : स्क्रूच्या भोकांभोवती गोल ओरखडा, सॉकेटच्या पिना तिरक्या प्रकाशात एका रांगेत नसणे, प्रोसेसरच्या कडेला थर्मल पेस्टचा वाळलेला पांढरा कण, आणि बॅटरीच्या खोबणीत धूळ.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिटिंग करतो. ८ जीबीचे आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड 'नवे' म्हणून घेतले. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेडर्स (कार्डातले छोटे गणक) २०४८ दिसतात, मित्राच्या कार्डात २३०४ आहेत. फसलो का? (जालना)

उत्तर : तुमचे कार्ड आरएक्स ५८० ची २०४८एसपी नावाची कमी ताकदीची आवृत्ती आहे. ती एएमडीचीच आहे, बनावट नाही. पण जाहिरातीत '२०४८एसपी' लिहिलेले नसेल तर माल वर्णनाप्रमाणे नाही, आणि परतीला एवढे कारण पुरे.

ते नवे आहे का, हा वेगळा प्रश्न. आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये आले आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामात (गणिते सोडवून चलन मिळवण्यात) ते फार वापरले गेले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि जगभरची कार्डे एकदम मोकळी झाली. ती धुऊन, नवा पंखा आणि नवे आवरण बसवून पुन्हा विकली जातात. आवरण नवे असले तरी आतला बोर्ड नवा होत नाही. टॉर्च लावून हीटसिंकच्या पात्यांमधून आत बघा. बोर्डाचा रंग वीजपुरवठ्याच्या भागाजवळ काळपट किंवा पिवळट झालेला, थर्मल पॅडमधून तेल पाझरून चिपांभोवती चिकट ओल, स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाच्या जखमा, धातूच्या पट्टीवर गंज : यांतल्या दोन खुणा सापडल्या तरी कार्ड चाललेले आहे. वॉरंटी सील फोडून उघडू मात्र नका.

खाणकामात कार्डाची मेमरी सर्वात जास्त भाजते. म्हणून ओसीसीटी या प्रोग्रॅममधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी अर्धा तास चालवा. चुका शून्यच हव्यात. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क हा प्रोग्रॅम वीस मिनिटे लावा आणि जीपीयू-झेडच्या 'सेन्सर्स' पानावर लक्ष ठेवा. ज्या कार्डांत 'हॉट स्पॉट' (चिपवरची सर्वात तापलेली जागा) वेगळा दिसतो, तिथे तो मुख्य तापमानापेक्षा २५-३० अंशांनी वर जात असेल तर पेस्ट वाळलेली किंवा नीट न बसलेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते. जानेवारीत कसेबसे पास झालेले कार्ड ऐन लग्नसराईत रेंडरच्या मध्यात बंद पडते, त्याचे कारण हेच.

स्वस्त जीटीएक्स १०५० टीआय घेणाऱ्यांनीही जपावे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या जुन्या कार्डांत बायोस बदलून तसे नाव दाखवले जाते. जीपीयू-झेडच्या नव्या आवृत्त्या अशा कार्डाच्या नावापुढे स्पष्ट 'फेक' लिहितात.

प्रश्न : शाळेच्या लॅपटॉपला नवी बॅटरी घेतली, तासाभरात उतरते. अहवालात मात्र सायकल (चार्ज होण्याच्या फेऱ्या) ० आणि क्षमता पूर्ण दिसते. (धाराशिव)

उत्तर : अहवाल म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून '/बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport) ही आज्ञा देऊन निघणारा, असे धरतो. त्यातले आकडे बॅटरीतली चिप सांगते. सेल जुने ठेवून चिप शून्यावर आणता येते. खरे उत्तर घड्याळ देते. ४१ वॉट-तासांची बॅटरी आणि साधारण १० वॉटचा वापर असेल तर चार तास निघायला हवेत. पडद्याचा उजेड निम्मा ठेवून एक व्हिडिओ फिरता ठेवा, १०० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतचा वेळ मोजा. अचानक ४० वरून ५ वर उडी मारली तर सेल जुने आहेत. बॅटरीवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) मानक चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते पाहा. बॅटरी जराही फुगली असेल तर लगेच काढा, मुलांच्या हाती तो लॅपटॉप देऊ नका.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, सील फोडले म्हणून परत घेणार नाही. विक्रेता दिल्लीचा, आम्ही इथले. काय करावे? (हिंगोली)

उत्तर : सील फोडल्याशिवाय डिस्कचे तास कसे दिसणार? त्याचे म्हणणे टिकणारे नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असा नियम आहे. म्हणून तक्रार फोनवर बोलून सोडू नका, लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या.

सोबत हे जोडा : जाहिरातीच्या पानाचा 'नवा' हा शब्द दिसणारा स्क्रीनशॉट (पान नंतर बदलले जाते, आजच काढा), बिल, खोके उघडतानाचा पत्त्याच्या चिठ्ठीपासून सलग काढलेला व्हिडिओ, आणि तास व सिरियल नंबर एकाच चित्रात दिसणारा स्क्रीनशॉट. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी नसेल तर त्याचाही फोटो घ्या. पॅकबंद आयात मालावर हे छापणे सक्तीचे आहे. बिलावर सिरियल नंबर नसेल तर तो लिहून मागा. जाहिरातीत 'सेलर वॉरंटी' असा शब्द असेल तर ती वॉरंटी कंपनीची नव्हे, त्या दुकानदाराची असते. यापुढे खरेदी करताना हा शब्द आधी शोधा.

महिन्यात काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात दावा लावता येतो, दिल्लीला जावे लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरूनही अर्ज भरता येतो.

परत न्यायला माणूस आला की त्याच्यासमोर वस्तूचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा, पावतीवर तो नंबर लिहून सही घ्या, मगच खोके हातात द्या. डिस्क असेल तर आधी आपला डेटा पूर्ण पुसा. आणि तिच्यात आधीच्या मालकाच्या फायली सापडल्या तर त्या उघडू नका. तारखा दिसणारी यादी पुरावा म्हणून पुरेशी आहे.